मामा हे फलन का नाही?

विचारणा अशी आहे: मुलीला 'रिलेशन' आणि 'फंक्शन' यांतला फरक मराठीत समजावताना घोडं अडलं. फंक्शनला फल म्हणायचं की फलन? आणि एखादा संबंध फलन आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

(फंक्शन म्हटलं की आपल्याला आधी मांडव आणि पंगत दिसते, हा भाग वेगळा!)

आधी ओळखायचं पाहू. संबंध म्हणजे नातंच, मग नात्यांवरच परीक्षा घ्या. 'क्षची जन्मदाती आई' हे फलन आहे. कुणाचंही नाव घ्या, उत्तर एकच. 'क्षचा मामा' हे फलन नाही. कुणाला तीन मामा, कुणाला एकही नाही, आणि यातला कुठलाही एक दोष बाद व्हायला पुरेसा आहे. पण चार भावंडांची आई एकच, मग ते कसं चालतं? इथे हमखास गोंधळ होतो. चालतं. अनेकांचं उत्तर एक असायला हरकत नाही, एकाची उत्तरं अनेक नकोत. तेच नातं उलटं करून 'आईचं मूल' म्हटलंत की फलन संपलं.

आलेख असेल तर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवा. ती आलेखाला एकाच वेळी दोन ठिकाणी छेदू लागली की तो आलेख बाद. क्ष² + य² = २५ या वर्तुळात क्ष = ३ असताना य ४ही येतो आणि –४ही.

आता शब्द. क्रियेतून हाती येतं ते फळ: क्षेत्रफळ, घनफळ. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) त्रैराशिकाची पदं प्रमाण, फल आणि इच्छा अशी आहेत. ५ आंबे ६० रुपयांना, तर ८ आंबे केवढ्याला? ५ हे प्रमाण, ६० हे फल, ८ ही इच्छा आणि येणारे ९६ हे इच्छाफल. एका इच्छेला एकच इच्छाफल!

म्हणून माझं मत 'फलन'ला. मराठीत दोन्ही शब्द चालतात, पण ९६ हे फल आणि ते देणारा नियम हे फलन, असा भेद राखला तर वाक्यं सरळ होतात.

जुन्या लिखाणात 'अनेकमूल्यी फलन', म्हणजे एकाची अनेक उत्तरं देणारं फलन, भेटलं तर दचकू नका. गणितज्ञ ऑयलरने १७४८च्या ग्रंथात तशी फलनंही धरली होती. एकाच उत्तराची सक्ती नंतरची.