स्लिंग काढायची घाई नको

खांद्याचा रोटेटर कफ (खांदा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे टेंडन) शिवलाय ना, मग डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, बहुधा ४ ते ६ आठवडे, स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) सोडू नका. दुखणं आधीच कमी होतं आणि तिथेच माणूस फसतो. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, हाडाला नीट धरायला साधारण १२ आठवडे लागतात.

रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपा, कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. खांदा मागे ओढला जात नाही. मला पहिली शांत झोप अशीच लागली.

पेंड्युलम (हात लोलकासारखा झुलवायचा व्यायाम) सांगितला की चांगल्या हाताने टेबल धरून वाका, दुखरा हात नुसता लोंबकळू द्या. झोका अंगाने द्यायचा, हाताने नाही! व्यायामानंतरची ठणक रात्रभर राहिली तर फिजिओला सांगा, दात-ओठ खाऊन रेटू नका.