वाचकांचे प्रश्न : अझोर्सचा तळ आणि गोवा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, तरी अटलांटिकमधील त्याच्या अझोर्स बेटांवर ब्रिटिश विमाने उतरली. ही बळजबरी होती की राजीखुशी?

उत्तर : धाक होता, पण तो उघड घातला गेला नाही. मे 1943 मध्ये वॉशिंग्टनच्या बैठकीत चर्चिल यांचा कल बेटे सरळ ताब्यात घेण्याकडे होता. आधी मागून तर पाहू, हा आग्रह लंडनहून परराष्ट्रमंत्री ईडन आणि उपपंतप्रधान ॲटली यांनी धरला. मागायला आधार घेतला तो 1373 च्या इंग्लंड-पोर्तुगाल तहाचा, आणि सगळी मेख तिथेच आहे. नुसता तळ दिला असता तर तटस्थता मोडल्याचा ठपका पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्यावर आला असता. तहामुळे त्यांना 'जुना शब्द पाळतो आहोत, बाकी आम्ही तटस्थच' असे म्हणायची सोय झाली. त्यांनी किंमतही वसूल केली : शस्त्रे आणि वसाहतींवरील सार्वभौमत्वाची हमी. 17 ऑगस्टला करार झाला, 8 ऑक्टोबरला ब्रिटिश तुकड्या अझोर्समधील तर्सेरा बेटावर उतरल्या. जर्मनी निषेधाचा खलिता पाठवून गप्प बसली.

कागद झाला म्हणजे तळ झाला असे नाही. तर्सेरावरील लाजेसच्या माळावर जड बाँबर उतरवायचे तर आधी जमीन घट्ट हवी. भोके पाडलेले पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून धावपट्टीवर अंथरावे लागले.

प्रश्न : मग अमेरिकेला वर्षभर का थांबावे लागले?

उत्तर : 1373 च्या तहात ती नव्हती, आणि तिने मागितलेही फार. लिस्बनमधील प्रभारी राजदूत जॉर्ज केनन यांना धाडलेली सवलतींची यादी इतकी लांबलचक होती की ती सालाझार यांच्यापुढे ठेवायलाच ते तयार नव्हते. वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी रूझवेल्ट यांच्याकडून सालाझार यांच्या नावे पत्र आणले, तेव्हा गाडी रुळावर आली. अझोर्समधील सांता मारिया बेटावरील अमेरिकी तळाचा करार 28 नोव्हेंबर 1944 ला झाला. जपानच्या ताब्यातील तिमोर ही पोर्तुगीज वसाहत परत मिळवण्यात पोर्तुगालला सहभाग, हे त्याला लावलेले मधाचे बोट.

प्रश्न : याचा गोव्याशी काही संबंध?

उत्तर : आहे. वसाहतींच्या हमीत गोवाही येत होता. डिसेंबर 1961 मध्ये भारताने गोवा ताब्यात घेतला, तेव्हा अमेरिकेच्या लाजेस तळाच्या कराराचे जेमतेम एक वर्ष उरले होते, ही गोष्ट वॉशिंग्टन विसरू शकत नव्हते. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. भारताने माघार घ्यावी असा ठराव मात्र सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. शब्दांपलीकडे पोर्तुगालच्या हाती काही लागले नाही. 1962 च्या अखेरीस मुदत संपली. सालाझार यांनी नवा करार केला नाही, अमेरिकनांना हाकललेही नाही. नवा करार थेट 1971 मध्ये झाला. तोवर अमेरिकी विमाने लाजेसवरून उडतच होती.