आलिशान एसयूव्हीचं इंजिन ७० हजार किलोमीटरला बसलं, तर चूक कोणाची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चार वर्षांची महागडी पेट्रोल एसयूव्ही, ७० हजार किलोमीटर झालेले, हायवेवर ठकठक आवाज सुरू झाला आणि दोन मिनिटांत इंजिन बंद. वॉरंटी संपून काही महिने झालेत. सर्व्हिस सेंटर म्हणतं इंजिनच बदला, आणि मागची एक सर्व्हिस दोन महिने उशिरा केलीत म्हणून खर्च तुमचा. एवढ्या मोठ्या कंपनीच्या गाडीचं इंजिन असं जातंच कसं आणि चूक नक्की कोणाची, हे तुम्हाला हवंय.

आधी मीच एक विचारतो. इंजिन उघडलंय का? नसेल, तर बाकीचं नंतर वाचा, त्यांना आत्ता दोन ओळींचा ईमेल टाका. 'मी किंवा माझा माणूस समोर असल्याशिवाय चेंबर खोलू नये. काढलेलं ऑइल, फिल्टर आणि बेअरिंग माझ्या लेखी परवानगीशिवाय फेकू नये.' (चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी.) फोनवर सांगू नका. फोनवरचं बोलणं सोयीनं विसरलं जातं.

मी वीस-बावीस वर्षं इंजिन रीकंडिशनिंगचं काम करतो. क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करायचा, बोअर करायचं, हेडला फेस मारायचा. माझ्या टेबलावर येणारं प्रत्येक इंजिन मेलेलंच असतं, त्यामुळे गाड्यांबद्दलचं माझं मत शवागारात काम करणाऱ्याचं माणसांबद्दल असावं तसं आहे. ते धरून वाचा.

तुम्ही सांगताय ती ठकठक बहुधा कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगची. हे बेअरिंग म्हणजे गोळ्यांचं नव्हे. पोलादाच्या पातळ पट्टीच्या दोन अर्धगोल वाट्या असतात, आतून मऊ धातूचा थर दिलेला. क्रँक त्या वाटीला टेकत नाही, मध्ये काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा पडदा असतो आणि अख्खं इंजिन त्या पडद्यावर तरंगतं. पडदा फाटला की धातू धातूला लागतो, मऊ थर खरवडला जातो, फट वाढते आणि रॉड क्रँकवर आपटायला लागतो. तीच तुमची ठकठक. त्यानंतर दोन मिनिटं म्हणजे खरं तर बरीच झाली, कित्येकांचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पडदा का फाटला, यावर सगळा वाद आहे. आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा त्या वाट्यांवरच असतं. सगळ्या वाट्या क्रमानं मांडा. एकच वाटी जळून काळी-निळी झालीय आणि शेजारच्या जवळपास नव्यासारख्या आहेत, तर गडबड त्या एका जागेची आहे: मशिनिंगची चूक, फट चुकीची, ऑइलचं भोक बुजलेलं, किंवा आत राहिलेला धातूचा कीस. मालकानं ऑइल उशिरा बदललं तर ते काही एकाच सिलिंडरला उशिरा मिळत नाही. उलट सगळ्याच वाट्यांचा वरचा थर उडून तांबूस रंग दिसत असेल, तर ऑइल कमी होतं, पातळ झालं होतं किंवा पंपानं दाब दिला नाही. अशा वेळी मालकाकडे बोट दाखवायला त्यांना जागा मिळते. पण तीही वाटते तेवढी मोठी नसते.

माझ्या मेव्हण्याचं उदाहरण देतो. गाडी अशीच आलिशान, फक्त डिझेल. कंपनीचं नाव घेत नाही. डॅशबोर्डवर 'पुढील सर्व्हिसला अजून ९ हजार किलोमीटर' असं दिसत असताना इंजिन बसलं. पहिले दोन आठवडे त्यानं नुसतं भांडण्यात घालवले. व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज, सर्व्हिस मॅनेजरशी आरडाओरडा, 'तुमच्या गाडीला आग लावेन' वगैरे. तिसऱ्या आठवड्यात मला फोन केला, तेव्हा मी म्हटलं, तू आता तोंड बंद ठेव आणि मला घेऊन चल.

चेंबरचा नट सैल केला तेव्हा ऑइल धारेनं आलं नाही, पाण्यासारखं भसकन आलं. बोटावर घेऊन वास घेतला, चक्क डिझेल. मोजलं तर ठरलेल्या मापापेक्षा जवळजवळ दीड लिटर जास्त. फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात धरल्या तर घडीघडीत सोनेरी चकाकी. दिसायला सुंदर असते हो ती, पण ती तुमच्या बेअरिंगची राख असते. आणि वाट्या? सगळ्या सारख्याच झिजलेल्या.

झालं काय होतं, तर डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःहून तो जाळून साफ करते, आणि त्यासाठी काही रचनांत सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडलं जातं. गाडी सलग चालली तर ठीक. मेव्हणा रोज चार किलोमीटर जायचा, चार किलोमीटर यायचा. साफसफाई दर वेळी अर्धवट राहायची आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरायचं. ऑइल वाढत होतं आणि पातळ होत होतं.

मग चूक मेव्हण्याची? सर्व्हिस सेंटरनं तेच म्हटलं: 'वापर योग्य नाही.' आम्ही एकच मुद्दा धरला. या गाडीत ऑइल बघायची काडीच दिलेली नाही, पातळी फक्त सेन्सर सांगतो. दीड लिटर वाढेपर्यंत सेन्सर गप्प का होता आणि कॉम्प्युटर सर्व्हिसला ९ हजार बाकी का दाखवत होता? गाडी विकताना 'रोज चार किलोमीटरसाठी घेऊ नका' असं कुणी लिहून दिलं होतं का? सात आठवडे पत्रापत्री झाली. शेवटी सुटे भाग कंपनीचे, मजुरी त्याची, यावर मिटलं. मला विचाराल तर निकाल साधारण बरोबर होता. मेव्हण्याला अजून पटत नाही.

आता 'एवढ्या महाग गाडीचं' या तुमच्या शब्दांकडे येतो. किंमत लाकडाला, चामड्याला, पडद्यांना, शांततेला असते. इंजिनावर मात्र अशा गाडीत जास्तच ओझं असतं. दोन-अडीच टनांचं धूड, त्याला स्पोर्ट्स कारसारखं पळवायचं, वर मायलेज आणि प्रदूषणाचे आकडेही सांभाळायचे. म्हणून टर्बो, म्हणून पातळ ऑइल, म्हणून दोन सर्व्हिसमधलं लांबलचक अंतर, जे विकताना छान दिसतं. बीएमडब्ल्यूचं एन६३ हे व्ही८ इंजिन घ्या, एक्स५ आणि एक्स६ मध्ये असायचं. त्यात टर्बो दोन हेडच्या मधल्या खोबणीतच बसवलेले, म्हणजे भट्टी मधोमध. ऑइल खाण्याच्या आणि टायमिंग चेनच्या तक्रारी इतक्या आल्या की २०१४ च्या अखेरीस कंपनीनं अमेरिकेत या इंजिनासाठी मोफत तपासणीची खास योजना काढली आणि ऑइल बदलायचं अंतर १५ हजार मैलांवरून १० हजार मैल किंवा एक वर्षावर आणलं. आधीचं अंतर ज्यांनी काटेकोर पाळलं होतं त्यांनी काय समजायचं?

कधी इंजिनाचा दोषही नसतो. पोर्श कायेनच्या पहिल्या पिढीतल्या व्ही८ मध्ये पाण्याचे पाइप प्लास्टिकचे होते, इंजिनाच्या वरच्या भागात, उष्णतेत दडपलेले. ते तडकायचे आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, एकदम रिकामं व्हायचं. पुढे ॲल्युमिनियमचे आले.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची उदाहरणं मात्र दोन आहेत. पहिलं टोयोटाच्या ३.४ लिटर ट्विन टर्बो व्ही६ चं. मे २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स ६००. कारण काय, तर कारखान्यात मशिनिंग करताना निघालेला कीस काही इंजिनांत साफ न होता राहून गेला होता आणि तो मेन बेअरिंग, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ती, खात होता. दोन महिन्यांनी इंजिन बदलून द्यायचं ठरलं. विश्वासार्हतेसाठी लोक ज्या कंपनीची शपथ घेतात तिच्याकडे हे झालं. कीस कंपनी बघून बसत नाही.

दुसरं जनरल मोटर्सचं ६.२ लिटर व्ही८, कॅडिलॅक एस्कलेड आणि तिच्या भावंडांमधलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेनं चौकशी सुरू केली तेव्हा तिच्या हातात मालकांच्या तक्रारी होत्या फक्त ३९. एप्रिलमध्ये कंपनीनं जवळपास ६ लाख गाड्या परत बोलावल्या, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमध्ये निर्मितीदोष असल्याचं सांगून. आणि तेव्हा कळलं की संबंधित असू शकतील अशा २८ हजारांहून जास्त घटनांची नोंद कंपनीच्या स्वतःच्या दफ्तरात होती. ज्या गाड्या तपासणीत पास झाल्या त्यांना ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल आणि ऑइल ओतायच्या तोंडाला तोच आकडा लिहिलेलं नवं झाकण दिलं. पातळ ऑइलबद्दल वर लिहिलंय ते आता परत वाचा.

त्या २८ हजारांतल्या बहुतेकांनी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तक्रार केली असणार. दार उघडलं ते सुरक्षा यंत्रणेकडे लेखी नोंद केलेल्या ३९ जणांमुळे. म्हणून तुमच्या देशात वाहन सुरक्षेची जी सरकारी यंत्रणा असेल तिथे तक्रार नोंदवा, भले तुमचा खर्च मिळो न मिळो. तक्रारीत चॅसी नंबर, तारीख, किलोमीटर, वेग, कोणता दिवा आधी लागला, आवाज किती वेळ आला, गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली का, एवढंच लिहा. 'लाजिरवाणं', 'फसवणूक' असले शब्द काढून टाका. चालत्या गाडीची ताकद गेली हा सुरक्षेचा मुद्दा आहे, आणि ती यंत्रणा तोच मुद्दा शोधत असते.

आता ती दोन महिन्यांची उशिरा सर्व्हिस. हे वाक्य प्रत्येकाला ऐकवलं जातं. त्यावर भांडू नका, टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) काढायला सांगा. ऑइल खरंच खराब होऊन इंजिन गेलं असेल तर कव्हरच्या आत काळा डांबरासारखा थर बसलेला दिसेल, निदान गडद तपकिरी लेप तरी. आत धातू स्वच्छ, फिकट सोनेरी असेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि लेखी विचारा: दोन महिन्यांच्या उशिरानं नेमकं काय बिघडवलं ते या इंजिनात दाखवा. सोबत ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत, दोघांच्या सहीनं सीलबंद करून, बाहेरच्या प्रयोगशाळेत द्या. त्यात पेट्रोल किती मिसळलं, तांबं आणि लोखंड किती, सिलिकॉन किती हे येतं. सिलिकॉन वाढलेलं असेल तर बहुधा धूळ आत गेलीय, मग एअर फिल्टर शेवटचा कोणी बसवला ते बिलावर बघा. (बऱ्याचदा त्याच सर्व्हिस सेंटरनं.) हो, आणि हा अहवाल तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो. गेला तर गेला, निदान वकिलाचा खर्च वाचेल.

वॉरंटी संपल्यावर जे मिळतं ते बऱ्याचदा कंपनीच्या मर्जीनं, आणि ती मर्जी काउंटरवरच्या माणसाच्या हातात फारशी नसते. म्हणून पत्र सरळ कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा. सर्व्हिसची सगळी बिलं जोडा, उशीर झालेलंही, लपवू नका. आणि एक प्रश्न हमखास विचारा: आता जे नवं इंजिन बसवणार त्याच्या बेअरिंगचा किंवा शॉर्ट ब्लॉकचा (हेड सोडून खालचं इंजिन) पार्ट नंबर माझ्या जुन्यापेक्षा वेगळा आहे का? नंबर बदलला म्हणजे दोष होता असं लगेच सिद्ध होत नाही. पण या प्रश्नानंतर उत्तराची भाषा बदलते, असा माझा अनुभव आहे.

इंजिन बदलायचंच ठरलं तर ऑइल कूलर, ऑइलच्या नळ्या आणि टर्बो नवे घालणार का, ते एस्टिमेटवर लिहून घ्या. जुन्या बेअरिंगचा चुरा कूलरच्या जाळीत अडकून राहतो, धुऊन सगळा निघत नाही. जुना कूलर तसाच लावलेलं नवं इंजिन तीन महिन्यांत माझ्या टेबलावर परत आलेलं मी पाहिलंय.

चेंबर उघडलं की वाट्यांचे फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचे, आणि पाठीवर मार्करनं सिलिंडर नंबर लिहून. नंबर नसेल तर तो नुसता जळका पत्र्याचा तुकडा, त्यावरून मलाही काही सांगता येणार नाही.