बांबूच्या टोपलीवर काळे ठिपके

प्रश्न : जपानमधील बेप्पूहून लेकीने आणलेल्या, हाताने विणलेल्या बांबूच्या टोपलीत मी धुतलेली भाजी निथळत ठेवते. पावसाळ्यात तिच्यावर काळे ठिपके उमटले आहेत. व्हार्निश लावावे का?

उत्तर : कृपया लावू नका, कारण ही ‘झारू’, म्हणजे निथळण्याची जपानी टोपली, अन्नासाठीच असते. बेप्पूच्या ज्या बांबूकामाला १९७९ मध्ये पारंपरिक हस्तकला म्हणून सरकारी मान्यता मिळाली, त्यात मुख्यतः ‘मादाके’ जातीचा बांबू उकळून, त्यातले तेल काढून, उन्हात वाळवतात आणि मगच त्याच्या बारीक पट्ट्या काढून विणतात. एवढी मेहनत रंगाखाली झाकू नये. ठिपके बुरशीचे असावेत. मऊ ब्रशने, कोमट पाण्याने घासून टोपली सावलीत, वाऱ्यावर टांगा. खोल गेलेले डाग मात्र राहतील. ती प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद कपाटात कधीही ठेवू नका.