मंडळीच्या (चर्चच्या) मदतनिधीतला किती हिस्सा जवळच्या गरजूंना द्यावा आणि किती परदेशात पाठवावा?

प्रश्न वाचून पुढे सरकणार होतो. पण तपशिलात तुम्ही लिहिलंय, 'यंदा परदेशातल्या जोडमंडळीच्या दवाखान्यासाठी घरोघरची औषधं गोळा करायचाही विचार आहे.' मग राहवलं नाही. मी फार्मासिस्ट आहे, २६ वर्षं काउंटरमागे उभा आहे. आमच्या मंडळीच्या मदत समितीवर सहा वर्षं होतो आणि ती सोडली ती याच औषधांपायी.

टक्क्यांचं आधी उरकतो. ६०-४० ठेवा, ७०-३० ठेवा, काही बिघडत नाही. हा वाद वर्षानुवर्षं चालवणाऱ्या मंडळ्यांत बहुतेक वेळा दोन्हीकडचं काम धड नसतं, हे माझं स्पष्ट मत.

आता औषधं. आमच्या समितीचे अध्यक्ष नात्याने माझे साडू. एका रविवारी उपासना संपता संपता त्यांनी जाहीर केलं की घरात पडून असलेली औषधं आणा, तिकडच्या दवाखान्याला पाठवू. जाहीर करण्याआधी मला विचारलं नाही. निवडायला मात्र मीच! तीन रविवारांत १४ खोकी जमली. मुलांच्या शाळेच्या खोलीत, त्यांच्या त्या बुटक्या टेबलांवर, गुडघे हनुवटीला लावून मी ती उघडत बसलो. खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, झाकणाभोवती साखर धरलेली. मलमाची ट्यूब, शेपटीकडून टूथपेस्टसारखी गुंडाळत आणलेली. दहाच्या पट्टीतून कात्रीने कापलेल्या चार गोळ्या, नाव आणि तारीख नेमकी राहिलेल्या सहांवर गेलेली. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पिशवी, आत चिठ्ठी, 'बाबांच्या उरलेल्या'. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण त्या गोळ्या मीच दिलेल्या होत्या. पिशवी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. शेवटी टाकायच्या ढिगात ठेवली.

चौदातून पाठवण्याजोगं एक खोकं निघालं, तेही गॉज, बँडेज आणि हातमोज्यांचं. साडूभाऊ म्हणाले, "अहो, देणाऱ्याचं मन बघा, तारखा काय बघत बसलाय? काहीच नसण्यापेक्षा बरं." मी म्हटलं, "यातलं एखादं तुमच्या नातीला द्याल?" ते हसले नाहीत. पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. मुदत उलटलेलं काढा, बाकीचं जाऊ द्या. चौदाची नऊ झाली आणि नऊ खोकी गेली.

हे माझं खासगी खूळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ मध्येच काढली, १९९९ आणि २०१० मध्ये सुधारली. एकदा रुग्णाच्या हातात गेलेलं औषध परत घेऊन दान करायचं नाही, पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, लेबल तिथल्या डॉक्टर-नर्सना कळेल अशा भाषेत हवं, आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याने ते मागितलेलं हवं. ही तत्त्वं लिहायची वेळ का आली, तर १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली, असा अंदाज आहे. युद्धाने मोडलेल्या देशात गोदामं अडली, निवडायला माणसं अडकली, वर विल्हेवाटीचा खर्च. औषध नाल्यात ओतता येत नाही, साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, बहुतेक वेळा मोठ्या तापमानाच्या भट्टीत जाळावं लागतं. ती भट्टी प्रत्येक देशात असतेच असं नाही.

आमच्या नऊ खोक्यांचंही तेच झालं. कस्टम्समध्ये अडली. कागद पुरे होईपर्यंत गोदामाचं भाडं चढत गेलं आणि ते भरलं त्या जोडमंडळीने, म्हणजे ज्यांना आपण गरजू म्हणत होतो त्यांनी. तिथल्या पाळकांचं पत्र आलं. दीड पान आभार, प्रार्थना, मुलांचं गाणं. शेवटी एकच ओळ, "पुढच्या वेळी पाठवण्याआधी आम्हाला विचारलंत, तर फार उपकार होतील." साडूभाऊंनी रविवारी पत्र वाचून दाखवलं. दीड पान वाचलं. ओळ वाचली नाही. मी तिसऱ्या बाकावर होतो, पत्र सकाळीच वाचून आलेलो. त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

ज्यांना शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार हवा त्यांच्यासाठी. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत, रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती. प्रेषितांनी टक्केवारी ठरवली नाही. सात माणसं नेमली, आणि स्तेफन, फिलिप्पापासून सातही नावं ग्रीक आहेत. वाटपाची किल्लीच बहुधा कुरकुर करणाऱ्यांच्या हाती दिली. आमच्या समितीत सहा वर्षांत मदत घेतलेला एकही माणूस बसला नाही. मीही ते कधी सुचवलं नाही, ते सोडा. आणि प्रेषित पौल मासेदोनिया-अखयातून, म्हणजे ग्रीसकडच्या मंडळ्यांकडून, यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे नेतो, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो आणि लिहितो की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हाला दोष लावू नये (करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय). साक्षात पौलाला हिशेबाला साक्षीदार लागतो आणि आमच्याकडे पावती मागितली की 'विश्वास नाही का?'

परदेशी मदत वाईट असं मी म्हणत नाही, आपल्याकडचंच उदाहरण आहे. १८८७ मध्ये बोस्टनला पंडिता रमाबाईंसाठी असोसिएशन स्थापन झालं. वेगवेगळ्या पंथांचे लोक त्यात होते आणि विधवांच्या शाळेसाठी त्यांनी दहा वर्षांचं वचन दिलं. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्यातून पुढे वाद झाले, पुष्कळ झाले, ते वेगळं. पण योजना बाईंची होती आणि पैसा दहा वर्षं येणार हे आधी माहीत होतं. म्हणून इमारत, शिक्षिका, मुली यांचा विचार करता आला. तुमची मंडळी दहा वर्षांचं वचन देऊ शकते का? नसेल तर तीन वर्षांचं द्या, पण लेखी द्या, आणि वस्तू नको, पैसे पाठवा. औषधं तिथेच जवळपास विकत मिळत असतील तर वाहतूक वाचते, कस्टम्स वाचतं, लेबल त्यांच्या भाषेत असतं.

जवळच्या मदतीबद्दल थोडक्यात. पाकीट देताना माणसाला वेदीपुढे उभं करू नका. वीजबिल थकलंय तर बिल परस्पर भरा, भाडं थकलंय तर घरमालकाला द्या. नाव दोघांपलीकडे जाऊ देऊ नका. वार्षिक अहवालात रक्कम आणि कुटुंबांची संख्या पुरे, फोटो कशाला?

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. महापूर, भूकंप अशा वेळी पहिल्या काही दिवसांत मागणीची वाट बघत बसायला वेळ नसतो, तेव्हा तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या आणि बाजूला व्हा. दुसरं, देशाबाहेर पैसे पाठवायचे कायदे देशागणिक वेगळे असतात, हिशेबनीसाला विचारल्याशिवाय हलू नका. तिसरं, साडूभाऊ वाईट माणूस नाहीत. मंडळीतल्या तिघा म्हाताऱ्यांना दर आठवड्याला स्वतःच्या गाडीतून डायलिसिसला नेतात, कुठल्या अहवालात ते नाही. मी तारखांवर बोट ठेवत होतो तेव्हाही नेत होते. शिवाय 'नातीला द्याल का' हे मी चारचौघांत म्हणायला नको होतं. बायको अजून ऐकवते.

तुमच्या समितीकडे जोडमंडळीची जुनी पत्रं फाइलला असतील. पुढच्या सभेआधी ती मागून घ्या आणि प्रत्येक पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. टक्क्यांचं त्यानंतर बघा.