पट्टी ओढण्याआधी

इंदूरला प्रोजेक्टला आलास, तर धातूच्या पातळ पट्ट्या द्रव नायट्रोजनमध्ये ओढून त्यांची ताकद मोजायचीय, म्हणून आधीच सांगून ठेवतो. थंडीत धातू ठिसूळ होतो, ही भीती इथे सोडून दे. हॅस्टेलॉय सी-२७६ (निकेलचाच एक मिश्रधातू) काय किंवा निकेल-टंगस्टन काय, ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअसला, ताकद उलट वाढते. शुद्ध निकेल मात्र मऊ; ५ अणुटक्के (शंभर अणूंमागे पाच) टंगस्टनने बरंच सुधारतं, तरी हॅस्टेलॉयची सर नाही.

खरी गोची मोजमापात आहे. ५० मायक्रॉन जाड, १० मिमी रुंद पट्टीचा छेद जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर. जाडीत २ मायक्रॉन चुकलास की स्ट्रेसचा (दर क्षेत्रफळामागच्या बलाचा) आकडा ४ टक्क्यांनी हललाच! मायक्रोमीटर तीन-चार जागी लाव, कापताना कडेला उरलेला बर (धारदार कंगोरा) पण बघ.

दोन्ही टोकं आवळून थेट नायट्रोजन ओतू नकोस. पट्टी आणि ती ओढणारा मशीनचा रॉड सारखे आकसत नाहीत, चाचणीआधीच लोड चढतो. लोड शून्यावर धरूनच थंड कर. स्ट्रेन (पट्टी किती ताणली ते) क्रॉसहेडवरून, म्हणजे मशीनच्या सरकत्या आडव्या दांड्यावरून, मुळीच घ्यायचा नाही, ग्रिपमध्ये पट्टी सरकते. पट्टीवरच बसून ताण मोजणारा हलका क्लिपवाला एक्स्टेन्सोमीटर माग. चिकटवलेला स्ट्रेन गेज एवढ्या पातळ पट्टीला स्वतःच आधार देतो, मग ती उगाच दणकट दिसते.

दार-खिडक्या उघड्या ठेव, उकळणारा नायट्रोजन खोलीतला ऑक्सिजन कमी करतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ग्रिपवर भराभर हिम धरतं, तेव्हा दुसरा नमुना लावण्याआधी हेअर ड्रायर फिरव.