शनिवार तेली आणि आपली दिवाळी

प्रिय रेवा,

काल जेवताना तू विचारलंस, "वर्गात सगळे सेंट मार्टिनच्या सणाचे कंदील करतात, सेंट निकोलाउसच्या सणाला बूट घासून दाराशी ठेवतात. आपली दिवाळी इथे म्युनिकमध्ये कुणाला माहीतसुद्धा नाही. मग आपण तरी ती का करायची?" याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितोय.

अलिबागला आजीच्या घराजवळ इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. ही बेने इस्रायली लोकांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची आळी. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. कोकणात त्यांचा धंदा तेल गाळायचा. आजूबाजूला सगळी हिंदू वस्ती, पण शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारी त्यांचा घाणा बंद. लोक त्यांना शनिवार तेलीच म्हणू लागले. आणि तरी ते गावाशी फटकून राहिले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. घरात मराठी बोलले, पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावं लावली, बायकांनी मंगळसूत्र घातलं. नवस फेडताना, लग्नकार्यात ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सोबत फळं, आणि एलियाहू हानाबी या प्रेषिताचं स्मरण. पोहे कोकणातले, प्रार्थना हिब्रू. त्यांतले बरेच जण पुढे इस्रायलला गेले. तिथे शनिवार सगळ्यांचाच, पण मलिदा फक्त यांचा. तो त्यांनी तिथेही सोडला नाही.

तेव्हा मार्टिनच्या मिरवणुकीला तू जायचंसच, अगदी हौसेने. यंदा, २०२६ मध्ये, भाऊबीजही मार्टिनच्या दिवशीच, ११ नोव्हेंबरला आहे. सकाळी दादाला ओवाळ, संध्याकाळी कंदील घेऊन वर्गाबरोबर नीघ. पण दिवाळी दार लावून करायची नाही. घाणा बंद दिसला म्हणून तर गावाला शनिवार कळला. आपला आकाशकंदील रस्त्याकडच्या खिडकीत लागेल, आणि १० तारखेला पाडव्याची रजा मिळावी म्हणून शाळेकडे अर्ज करू. देणं न देणं शाळेच्या हातात, मागणं आपल्या हातात.

दिवाळी म्हणजे काय, हे अर्जात दोन ओळींत सांगावं लागेल. त्या ओळी तू लिही. आणि वर्गाला करंज्या न्यायच्या असतील तर मुलं किती ते सांग. काजू-बदाम कुणाला चालत नाहीत, तेही बाईंना विचारून ये.

तुझा,
बाबा